लायसनतात्या

तात्या भिंत चाटायचे.

हे मी अलंकारिक अर्थानं सांगत नाही. डोळे मिटून, जीभ बाहेर काढून, देवळात तीर्थ घ्यावं तितक्या भक्तीनं चाटायचे. घराला रंग द्यायला बोलावलं की हा माणूस चहा नाही, पाणी नाही, सरळ भिंतीपाशी जायचा. नखानं टिकलीएवढा रंग खरवडायचा आणि उघड्या पडलेल्या जागेला जीभ लावायचा. मग थोडा वेळ तोंड हलवून अंगणात थुंकून यायचा आणि निकाल द्यायचा. त्या निकालावर अपील नसे. कराडच्या माझ्या मामाच्या घराची भिंत चाटून त्यांनी सांगितलं होतं की गिलाव्यातली वाळू कृष्णेची नाही, कोयनेची आहे. संगमाच्या वरच्या अंगाला भरलेली आहे. आणि ती आणणारा गाडीवान तंबाखू खाणारा होता.

"आरं, तो गाडीवान मागल्याच साली गेला की!" मामा म्हणाला.

"बगा," तात्या म्हणाले. "तंबाकूनंच गेला आसंल."

यातला तंबाखूचा भाग मी पदरचा घातलाय असं आमच्या हिचं म्हणणं आहे. असेल. वाळूचा भाग मात्र खरा आहे, आणि जिभेचा तर शंभर टक्के खरा आहे, कारण त्या जिभेनं आमच्या घरात काय केलं ते मी उघड्या डोळ्यांनी पाहिलंय.

तात्या उंब्रजचे. अंगानं शिडीसारखे, म्हणजे उंच, वाळके आणि कुठंही टेकवून ठेवावेत असे. त्यांच्या सदऱ्याचा मूळ रंग त्यांच्या आईलाही आठवत नसणार. उंब्रजपासून सांगलीपर्यंत जेवढी घरं त्यांनी रंगवली त्या प्रत्येकाचा एकेक थेंब त्या सदऱ्यावर होता. आपल्या घराला चार वर्षांपूर्वी कुठला पिवळा दिला होता याची खूण पटेना झाली, की लोक तात्यांना उभं करून त्यांच्या पाठीवर शोधत.

आणि काखेत लायसन. पंच्यात गुंडाळलेली, काचेची, चौकटीची तसबीर. आत सरकारी कागद, त्यावर तिकिटं, तिकिटांवर शिक्के. एसटीत बसले की कुंचे आणि डबे पायाखाली आणि ही तसबीर मांडीवर, खिडकीच्या उलट्या बाजूला, म्हणजे तिला ऊन लागायला नको. कंडक्टरनं एकदा "ह्यो कुठला द्येव, तात्या?" म्हणून विचारलं, तर म्हणाले, "द्येव न्हवं, लायसन हाय. कुंचं काय, बाजारात बी मिळत्यात. लायसन सरकार देतं." तेव्हापासून महामार्गावरच्या सगळ्या गावांत त्यांचं नाव लायसनतात्या पडलं. खरं नाव मला त्यांच्या दहाव्याला कळलं.

माझी त्यांची गाठ पडली तेव्हा सत्तरीचं दशक निम्म्यावर आलं होतं. मी नुकता बी.ए. होऊन सांगलीत घरी बसलो होतो आणि आमचे वडील, आबा, फौजेतून सुभेदार होऊन घरी बसले होते. एका घरात दोन माणसं बसून असणं वाईट. त्यातलं एक सुभेदार असणं फारच वाईट. आबांनी बावीस वर्षं फौजेत वायरलेसवर काढली होती. त्यामुळं ते आमच्याशीही तारेच्या भाषेत बोलत. "चहा. दोन. आत्ता." संपलं.

त्या साली आई मिरजेच्या दवाखान्यात होती. तिच्या छातीचं दुखणं जुनं. त्या पावसाळ्यात ते इतकं वाढलं की दोन वाक्यांच्या मधे तिला भिंतीचा आधार लागायचा. दवाखान्यात तिला उतार पडला. दिवाळीच्या आधी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले. पण आबांना बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, "ही घरी झोपते कुठं?" आबांनी सांगितलं, उत्तरेकडच्या खोलीत. "खोली कशी आहे?" आबा फौजी माणूस, खोटं बोलता येईना. म्हणाले, ओल आहे. डॉक्टर म्हणाले, "सुभेदार, त्या ओलीत नेलंत तर महिन्याभरात परत इथं आणाल, आणि तेव्हा मी काय सांगेन ते मला आत्ताच माहीत आहे. खोली कोरडी करा. आणि रंगाचा उग्र वास तिला चालणार नाही."

घरी आल्यावर मला हुकूम सुटला : "रंगारी. खात्रीचा. लायसनवाला."

लायसनची ही अट उगीच नव्हती. त्याच खोलीला आदल्या वर्षी तासगावच्या एका लांबच्या पाहुण्यानं रंग दिला होता. लायसन नाही, अनुभव नाही, फक्त नातं होतं. त्यानं ओल्या भिंतीवर हिरवा ऑइलपेंट फासला. महिन्यात भिंतीला फोड आले. फोड म्हणजे कसे? तासगावचा माणूस पडला, द्राक्षाचे घड लागले भिंतीला! उन्हाळ्यात ते वाळून त्यांचे बेदाणे झाले आणि आईच्या अंथरुणावर पडू लागले. त्या दिवसापासून आबांनी ठरवलं, की या घरात लायसनशिवाय कावळासुद्धा भिंतीवर बसणार नाही.

मी सांगली पालथी घातली. एक लायसनवाले भेटले; लायसन लखलखीत होतं, पण वेळ थेट पाडव्यानंतर. दुसरे स्कूटरवरून आले. त्यांच्या बॅगेत लायसन होतं आणि त्याच्या तीन प्रती होत्या. त्यांनी स्कूटरवरून न उतरता खिडकीतून खोली पाहिली आणि म्हणाले, "ऑइलपेंट. चार दिवसांत आरसा करून देतो." मी म्हटलं, "ओल आहे." ते म्हणाले, "आत राहील की. बाहेर कशाला दिसतेय?" आबांनी नुसतं फाटकाकडं बोट केलं. स्कूटरनं ओळखलं.

मग मी कराडला मामाकडं गेलो. मामा म्हणाला, "उंब्रजला एक जण हाय. पण तो जरा भिंती चाटतो."

"लायसन आहे का?"

"लायसन? आरं, त्येच्याकडं दुसरं काय न्हाईच."

उंब्रजला पोचलो तर तात्या एका पिठाच्या गिरणीवर शिडी लावून उभे होते. पांढरा चुना आणि पांढरं पीठ यांत माणूस नेमका कुठं संपतो ते कळत नव्हतं. मी खालून ओरडून काम सांगितलं. कुठलाही रंगारी पहिल्यांदा विचारतो, खोली केवढी आणि रंग कुठला. तात्यांनी वरूनच विचारलं, "त्या खोलीत निजतं कोन?"

"आई."

"तब्येतीनं?"

मी छातीचं सांगितलं. तात्या शिडीवरून उतरले. गिरणीवाला "आवं तात्या, ही भिंत?" म्हणून ओरडला. तात्या म्हणाले, "तुजं पीठ काय खोकत न्हाई गड्या. परवा येतो." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं शिडी टपावर आणि तसबीर मांडीवर घेऊन ते सांगलीत हजर झाले. निजतं कोण, हा त्यांचा कायमचा पहिला प्रश्न. म्हणायचे, "रंग बगनाऱ्यासाटी आसतो. भिंत निजनाऱ्यासाटी आसती."

आबा दारात छडी घेऊन उभे. तात्यांनी राम राम केला आणि आबांच्या बगलेखालून सरळ उत्तरेच्या खोलीत गेले. बेदाणे खरवडले. जीभ लावली. आबांच्या मिशा वर गेल्या. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी बर्फ पाहिला होता, तोफा पाहिल्या होत्या, पण असलं काही पाहिलं नव्हतं. तात्यांनी एकदा कोपऱ्यात चाटलं, एकदा मधे, एकदा खिडकीखाली. थुंकून आले आणि म्हणाले :

"ही वल पावसाची न्हाई, सायेब. पावसाची वल आळनी लागती. भुईची बी न्हाई. भुईची खारट लागती, लोना आसतो तिला. ही वल मुन्शिपाल्टीची हाय."

"काय?"

"औषिध मारल्यालं पानी हाय ह्ये. ह्या भिंतीत नळ हाय."

आबा एकदम ताठ झाले. "लायसन दाखवा," ते म्हणाले.

तात्यांनी पंचा सोडला आणि तसबीर दोन्ही हातांनी पुढं केली. आबांनी ती उजेडाकडं धरली. मी त्यांच्या खांद्यामागून वाचलं. कागद सरकारी होता, तिकिटं खरी होती, शिक्के पोस्टाचे होते, आणि वर इंग्रजीत स्वच्छ छापलं होतं, की हा परवाना रेडिओ बाळगण्याचा आहे.

आजच्या मुलांना हे सांगितलं तर त्यांना वाटतं, म्हातारा पुन्हा फेकतोय. पण त्या काळी घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टातून लायसन काढावं लागे आणि दर वर्षी फी भरून ते नवं करावं लागे. तात्यांनी कधीतरी कुणालातरी विचारलं असणार, लायसन कुठं मिळतं? तो म्हणाला असणार, पोस्टात. तात्यांना इंग्रजी येत नव्हतं, मराठीही सहीपुरतं. ते गेले, लायसन मागितलं, बाबूनं दिलं. रंगाऱ्यानं रंगाऱ्याचं मागितलं असं तात्यांना वाटलं आणि जगातला प्रत्येक माणूस पोस्टात येऊन रेडिओचंच मागतो असं बाबूला वाटलं. घरात रेडिओचा तुकडाही नसलेला हा माणूस वर्षानुवर्षं रेडिओची फी भरत होता, दर वर्षी चौकटीची मागची फळी उचकटून नवं तिकीट लावून आणत होता, आणि सरकारनं आपल्याला भिंतीला चुना लावायचा हक्क दिलाय म्हणून छाती काढून चालत होता.

आबांनी तसबीर उलटीपालटी करून पाहिली. तात्यांकडं पाहिलं. मग भिंतीवर जिथं जीभ लागली होती तो ओला ठिपका पाहिला. मी मनात म्हटलं, गेलं. आता हा माणूस गेला, दिवाळी गेली, आई येणार त्या ओलीत. मी गप्प बसलो. आयुष्यात आबांपासून इतकी मोठी गोष्ट मी कधी लपवली नव्हती. आबांचा वाचायचा चष्मा मिरजेला आईच्या उशाशी राहिला होता, त्या एका गोष्टीवर माझा सगळा भरवसा.

"कागद दुरुस्त आहे," आबा म्हणाले. "कामाला लागा."

तात्यांनी खिडकीखाली छिन्नी लावली. हातभर गिलावा उडाला आणि आत खरोखरच नळ निघाला. नळाच्या जोडातून थेंब थेंब पाणी गळत होतं आणि त्या जोडाभोवती विजेच्या तारांना लावतात ती काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. सात वेढे. अगदी फौजी, एकसारखे.

तात्या बराच वेळ त्या पट्टीकडं बघत राहिले. मी दाराच्या आड होतो, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"सायेब," तात्या म्हणाले, "हे कुन्या बिगरलायसनच्या प्लंबराचं काम हाय?"

आबा खोकले. "होता एक."

"हाकलून दिला आसंल त्येला."

"नाही," आबा म्हणाले. "अजून घरातच जेवतो."

न्हाणीघराला पाणी घ्यायला प्लंबर कशाला, मी फौजेत मैल मैल तारा जोडल्यात, असं म्हणून आबांनी तीन वर्षांपूर्वी स्वतः तो नळ भिंतीत घातला होता. तारेला पट्टी पुरते, पाण्याला पुरत नाही. तीन वर्षं ते पाणी भिंतीत झिरपत होतं आणि भिंतीपलीकडं आई खोकत होती. आबा तिथंच खाटेच्या काठावर बसले. सुभेदारांना मी त्यापूर्वी कधी असं बसलेलं पाहिलं नव्हतं. ते नेहमी बसायचे तेसुद्धा सावधान.

तात्यांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. चिकटपट्टी सोडवून तिची गोळी केली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. म्हणाले, "जुना नळ हाय, सडतोच. जोडारी बोलावून घ्या. वैनींना काय सांगायचं न्हाई." आणि खरंच, ती गोष्ट त्यांनी उंब्रजला नेली नाही, कराडला नेली नाही, आईला तर आयुष्यभर कळू दिली नाही. दिवसाकाठी दहा हजार शब्द बोलणारा माणूस, पण ते सात वेढे त्यांच्या खिशात राहिले.

नळ दुरुस्त झाला. तात्यांनी हिरवा रंग विटेपर्यंत खरवडला, कळीचा चुना आणून पिंपात भिजत घातला. चुना मुरू द्यायचा म्हणजे द्यायचा. तो गाळायला त्यांनी आईचं जुनं लुगडं मागून घेतलं. "गाळनी बी मिळती बाजारात. पन निजनाऱ्याचंच कापाड बरं. भिंतीला वळक पटती." असलं काहीतरी सांगायचे आणि समोरच्याला पटवून द्यायचे.

आणि मग ते थांबले. चार दिवस, सहा दिवस, आठ दिवस. खोलीत शेगडी पेटवून ठेवत, खिडक्या उघडत, बंद करत, आणि दुपारी जेवण झालं की सदरा काढून उघडी पाठ भिंतीला लावून तासभर बसत. मला म्हणत, "धाकलं सुभेदार, पाठीला हात लावून बगा." मी बघायचो. थंडगार लागायची. "अजून रडतीया," ते म्हणायचे. "रडनाऱ्याला पावडर लावत न्हाईत."

इकडं मिरजेहून निरोप आला : परवा पेशंट घरी सोडतो, खाट हवी आहे. आई तर महिनाभर घराची वाट बघून रडकुंडीला आलेली. आबा खोलीत गेले आणि त्यांनी सुभेदारी आवाज काढला. त्या आवाजानं शेजारच्यांच्या चुलीवरचं दूध खाली बसलं.

"उद्या रंग. परवा पेशंट. हुकूम आहे."

तात्या पाठ लावून बसलेलेच. उठले, सदरा घातला, बटणं लावली आणि खुंटीवरची तसबीर काढून आबांच्या पुढं धरली.

"सायेब, लायसन माजं हाय. तुमच्या हुकमानं वल्या भिंतीवर चुना मारला आन् वैनींना खोकला आला, तर सरकार इचारनार मला. लायसन काडून घील. हे बिगरलायसनवाला करू शकतो. मी न्हाई करू शकत."

आबांनी त्या काचेकडं पाहिलं. मी दारात उभा होतो. सांगायचं असतं तर एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सुभेदारांचा चेहरा हळूहळू शिपायासारखा झाला. वरच्या अधिकाऱ्यापुढं होतो तसा.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं. आवाज खाली.

"भिंत सांगंल."

भिंतीनं सहा दिवस घेतले. ते सहा दिवस आबा रोज मिरजेला जाऊन डॉक्टरांच्या पाया पडल्यासारखे उभे राहिले आणि ती खाट त्यांनी राखली. आई रागावली, रडली, "मला घरात नको असेल तर तसं सांगा" म्हणाली. सहाव्या दुपारी मी तात्यांच्या पाठीला हात लावला आणि ती कोमट लागली. तात्या म्हणाले, "झालं. गप झाली." पुढच्या दोन दिवसांत त्यांनी चुन्याचे तीन हात दिले. चिमूटभर नीळ, थोडा डिंक, बस. खोलीला वास कसला? धुतलेल्या कपड्याचा येईल तेवढाच.

आई आली. दारात तिनं श्वास घेतला. आम्ही तिघांनी रोखला. ती आत गेली, खाटेवर बसली आणि सवयीनं आधाराला हात भिंतीवर टेकला. मग तिनं हात काढून तळव्याकडं पाहिलं. कोरडा. पुन्हा टेकला. मग आडवी झाली आणि झोपली.

तात्या उंबऱ्याबाहेर कान देऊन बसले होते. एक तास झाला. आतून खोकला आला नाही. अजून थोडा वेळ गेला. मग ते उठले, कुंचे बांधले, तसबीर पंच्यात गुंडाळली आणि अगदी हळू म्हणाले, "काम झालं, सायेब. आमी चुना भिंतीला लावतो, मानसाला न्हाई."

त्या वेळी आबांनी जे केलं ते खरं म्हणजे बातम्यांत सांगायला हवं होतं. माजघरात त्यांचा मोठा रेडिओ होता. त्याला आम्ही कुणी हात लावायचा नाही. धूळसुद्धा विचारून बसायची. तो उचलून त्यांनी तात्यांच्या हातात दिला. तात्या गडबडले. "आवं, हे कशाला? माज्याकडं ह्येचं लायसन कुठं हाय?"

"तुमच्या लायसनवर एक रेडिओ चालतो," आबा म्हणाले. "बारीक अक्षरात लिहिलंय."

तात्यांचा चेहरा उजळला. "आत्ता कळलं! पोस्टातला बाबू दर साली इचारतो, काय तात्या, रेडिओ बरा हाय न्हवं? मला वाटायचं, मी लय बोलतो म्हनून मला रेडिओ म्हनतोय! मी आपला म्हनायचो, बरा हाय, आपल्या किरपेनं."

शिडीवाला माणूस रेडिओ पोटाशी धरून गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाल्यावर मी आबांना विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"बावीस वर्षं वायरलेसवर काढली," आबा म्हणाले. "रेडिओचं लायसन मला वासानं कळतं. चष्मा कशाला लागतो?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?" आबा म्हणाले, "त्यानं भिंतीला जीभ लावली तेव्हाच माझं बघून झालं होतं. कागद आपला रीत म्हणून पाहिला." मग जरा थांबून, मिशीतून : "शिवाय आजारपणाच्या गडबडीत यंदा मी आपल्या रेडिओचं लायसन भरलेलं नाही. नियमानं ज्याचं लायसन, त्याचा रेडिओ."

पुढं दर दिवाळीआधी तात्या यायचे. कामाला नव्हे, भिंत चाटून जायला. आई पहिल्या वर्षी लाजायची, नंतर चाटायची जागा पदरानं पुसून ठेवू लागली. "कशी आहे, तात्या?" "ग्वाड हाय वैनी, ग्वाड." माझ्याही अंगात ती खोड उतरली. साताऱ्याला नोकरी लागल्यावर मी भाड्याची तीन घरं नुसती चाटून नाकारली. चौथ्या घराची भिंत चाटताना घरमालकाच्या मुलीनं पाहिलं आणि ती किंचाळली. ती किंचाळणारी म्हणजेच आमची ही. भिंत कोरडी निघाली. घरही घेतलं आणि पुढं मुलगीही. यासाठीही मी तात्यांचाच ऋणी आहे. ती मात्र त्यांना यासाठी कधी कधी बोल लावते.

मग काही वर्षांनी सरकारनं रेडिओची लायसनं बंद केली. सगळ्या देशाला आनंद झाला. एक माणूस सोडून.

तात्या हंगाम नसताना आले. मी त्या दिवशी सांगलीतच होतो. तोंड उतरलेलं, तसबीर काखेत. "सायेब, लायसन बंद झालं. बाबू म्हनला, फी नको, लायसन बी नको, जावा घरी. माजं कुठं चुकलं का वो? कुनी तक्रार केली का? आता ह्या वयात बिगरलायसनचा रंगारी म्हनून कुनाच्या दारात हुबा ऱ्हाऊ?"

आबा थकले होते, पण अजून सरळ बसत. ते म्हणाले, "बंद नाही झालं, तात्या. खातं बदललं. आता पोस्टात मिळत नाही. ज्याच्या घराला रंग दिला, त्या घरवाल्यानं द्यायचं असतं." त्यांनी पेटीतला जाड कागद काढला आणि तारेच्या भाषेत लिहिलं : उंब्रजचे तात्या. सातारा आणि सांगली जिल्हे. कोणतीही भिंत. परवाना आहे.

मग सही करायला त्यांनी टाक उचलला आणि तसाच धरून ठेवला. त्या काळ्या पट्टीचे सात वेढे त्यांना आठवले असावेत. ते उठले, कागद घेऊन उत्तरेच्या खोलीत गेले आणि आईपुढं ठेवला. "सही तू कर. तुझा अधिकार आहे."

आईनं कागद वाचला, खाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली आणि सही केली. तात्यांना वाचता येईना म्हणून ती मी मोठ्यानं वाचली : "मी या भिंतीशी निजते. भिंत कोरडी आहे."

तात्यांनी पंच्यानं डोळे पुसले. पंच्याला चुना होता. डोळे आणखीच वाहू लागले. जरा वेळानं, कामाचा माणूस, त्यांनी विचारलं, "मुदत कवापातूर हाय, वैनी?"

"माझा श्वास चालू आहे तोवर," आई म्हणाली.

"मंग लय वर्सं काम करावं लागनार मला," तात्या म्हणाले, आणि जुना कागद न काढता त्याच्यावरच नवा बसवून चौकट बंद करून घेऊन गेले.

मी तात्यांच्या दहाव्याला उंब्रजला गेलो तेव्हा ती तसबीर भिंतीवर होती आणि तिच्याखाली आबांचा रेडिओ. मी तिथल्या भिंतीला बोट लावून जिभेला लावलं. कुणी हसलं नाही.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. तोवर तात्यांचं लायसन चालू होतं.